देवस्थानची जागा आणि विश्वस्तांचा ठराव

वर कोणीतरी लिहिलंय की विश्वस्तांनी बहुमताने ठराव केला म्हणजे देवस्थानची जागा विकता येते. नाही येत. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ बघा: स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते, शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल तर. त्याहून कमी मुदतीला ही परवानगी लागत नाही; अनेक गावांत देवळाचे गाळे वर्षानुवर्षं ११-११ महिन्यांच्या कराराने दिलेले दिसतात. (भाडं किती, हे विचारू नका!)

शिवाय सातबाऱ्यावर ‘देवस्थान इनाम, वर्ग ३’ (म्हणजे देवस्थानाला इनाम मिळालेली जमीन) असेल तर प्रश्न महसूल खात्याकडेही जातो. मालक देव, पुजारी फक्त वहिवाटदार.

पण खरं दुखणं वेगळंच असतं. नवे विश्वस्त निवडले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (नोंदीतला बदल कळवणारा अर्ज) द्यायचा असतो, तो कोणी देत नाही. मग मयत विश्वस्तांचीच नावं परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थेच्या नोंदीवर, राहतात आणि परवानगीचा अर्ज करायचा कोणी, यावरच दोन गट भांडत बसतात. तेव्हा आधी परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा, विक्रीचं नंतर बघू.