सल्ला हवा: पीयू (पॉलीयुरेथेन) पेंटच्या हार्डनरसाठी कोणता मास्क घ्यावा?

अंबडची_मावशी: भाचा अंबड एमआयडीसीत गाड्यांच्या पार्ट्सच्या पेंटशॉपला लागलाय. पीयू पेंट मारतो, तोंडाला नुसता रुमाल. हल्ली रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते. सुट्टीच्या दिवशी एकदम बरा. पेंट कडक व्हायला त्यात हार्डनर मिसळतात, त्याच्या डब्यावर आयसोसायनेट लिहिलंय. चांगला मास्क सुचवा.

सातपूर_सेफ्टी: ताई, मास्कच्या आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि हार्डनरच्या डब्याचा फोटो सोबत न्या. कामावर त्रास आणि सुट्टीत आराम, ही दम्याची खूण असू शकते. आयसोसायनेटचा त्रास बऱ्याचदा काही तासांनी, घरी आल्यावर सुरू होतो, म्हणून लोक थंडीला नाहीतर धुळीला दोष देत बसतात. एकदा शरीराने याची धास्ती घेतली, म्हणजे अॅलर्जी बसली, की मग अगदी थोड्या वाफेनेही दम लागतो. तसं निघालं तर मास्क बदलून भागत नाही, काम बदलावं लागतं. मालकाकडे दुसरं खातं मागा.

मास्कचं म्हणाल तर स्प्रे करताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा हवा. गनच्या कॉम्प्रेसरची तेलकट हवा तशीच जोडू नका, श्वासासाठीचा फिल्टर लागतोच. कार्ट्रिजवाला (वाफ शोषणाऱ्या गाळणीचा) मास्क कधी संपला ते कळत नाही, कारण वासावर भरवसा ठेवता येत नाही. फोमसाठीच्या टीडीआय या आयसोसायनेटचा वास येईपर्यंत हवेतली सुरक्षित मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. हातमोजे नायट्राइलचे घ्या, कातडीवर पडूनही ही धास्ती बसू शकते.

सिन्नर_पॅनेल: आमच्याकडे फोमसाठी एमडीआयचे (हेही आयसोसायनेटच) ड्रम असतात. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की दमट हवेशी रिअॅक्शन होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ओल शिरलेला ड्रम घट्ट बंद केला तर फुगून फुटू शकतो. सांडलेलं वाळूने टिपून डब्यात भरतो, त्यावर धुण्याच्या सोड्याचं साबणपाणी टाकतो आणि तो डबा दोन दिवस झाकण सैल ठेवून मोकळ्यावर ठेवतो.

कामगार_मित्र: ताई, आयसोसायनेटची विषबाधा आधी कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होती; आता त्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. निदान झालं तर मुख्य निरीक्षकांच्या (आता मुख्य निरीक्षक-नि-सुविधाकार) कार्यालयाला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ईएसआय कार्ड असेल तर कागद तिथेच करा.

अंबडची_मावशी: कार्ड आहे. उद्याच नेते. त्याला दाढी आहे, त्याने काही फरक पडतो का?

सातपूर_सेफ्टी: पडतो. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर सील होत नाही, कडेने वाफ आत येते. दाढी काढायला सांगा, नाहीतर हवा पुरवणारा सैल हूड मागवा.