अनुभव धागा : मूल ‘पाय दुखतो’ म्हणते तेव्हा

माझ्या मुलीने दुखते असे एकदाही म्हटले नाही, म्हणून आमचे अडीच महिने गेले. ती तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. सकाळी उठली की कडेवर घे म्हणायची आणि गिरगावातल्या आमच्या चाळीचा जिना बसून एकेक पायरी घसरत उतरायची. अकराच्या सुमारास मात्र तीच पोर गॅलरीभर धावायची, त्यामुळे आम्हांला ते लाड वाटले. शेवटी आंघोळ घालताना सासूबाईंनी तिचे दोन्ही गुडघे शेजारी धरून पाहिले, तर उजव्या वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून आले होते. पहिल्या ठिकाणी आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्तचाचणी निगेटिव्ह आहे, तेव्हा संधिवात नाही, असे सांगून आम्हांला परत पाठवले गेले. बालसंधिवात असलेल्या बहुतेक मुलांत ही चाचणी निगेटिव्हच येते, हे आम्हांला नंतर कळले.

मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी आधी तिला चवड्यांवर, मग टाचांवर चालवले, नमस्कार करायला सांगितला आणि मग हातांच्या पाठी जुळवून ‘उलटा नमस्कार’ करवला. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, किमान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांधेसूज, असा बालसंधिवात या निदानाचा अर्थ त्यांनी समजावला. तिची एएनए ही प्रतिपिंडांची रक्तचाचणी पॉझिटिव्ह असल्यामुळे दर 3 महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या सूक्ष्मदर्शकावर, डोळे तपासून घ्यावे लागतात, कारण आतली सूज डोळा लाल न होता, न दुखता वाढू शकते. आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

— — —

आमचे प्रकरण साधे निघाले. भांडुपला राहतो; मुलगा 5 वर्षांचा. रात्री दोन्ही पोटऱ्या धरून रडायचा, तेल चोळले की झोपायचा आणि सकाळी शाळेच्या बसमागे धावायचा. डॉक्टरांनी सांधे तपासून ही वाढीच्या वयातली दुखणी असल्याचे सांगितले. एकाच पायात दुखू लागले किंवा सकाळी लंगडला तर मात्र पुन्हा आणा, असेही बजावले.

— — —

ताप असेल तर कोणीही 6 आठवडे मोजत बसू नये. माझ्या भाच्याला संध्याकाळी ताप चढला आणि पहाटे तो पाय टेकवेना; लंगोट बदलताना मांडी हलवली तरी किंचाळत होता. सोनोग्राफीत खुब्यात पाणी दिसले, सुईने काढले तर पू निघाला आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली.

— — —

वरळी. मुलगी 9 वर्षांची. घसा दुखून गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी तिचा घोटा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच गुडघा. असे सांध्यावरून सांध्यावर फिरणारे दुखणे ऐकताच डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवले आणि हृदयाच्या झडपेत गळती सापडली. हा संधिवाताचा ताप. सांधे आठवड्यात बरे झाले; पेनिसिलिनचे इंजेक्शन मात्र दर 21 दिवसांनी अनेक वर्षे घ्यायचे आहे.

— — —

एक सावधगिरी नोंदवते. शेजारच्या मुलाला हाडदुखीमुळे रात्री झोप नव्हती, चेहरा पांढुरका पडला होता आणि सूज फारशी नव्हती. कोणीतरी स्टेरॉइड सुचवले होते. बालरोगतज्ज्ञांनी ते थांबवून आधी रक्तपेशींची तपासणी केली, आणि निदान रक्ताच्या कर्करोगाचे झाले. आधी स्टेरॉइड गेले असते तर चित्र झाकले गेले असते, असे त्यांनी सांगितले.

— — —

ताई, तुमची मुलगी आता कशी आहे? औषध रोजचे आहे का?

— — —

जिना उभ्याने उतरते. गुडघ्यात एक इंजेक्शन झाले, आणि पुढे मेथोट्रेक्सेट सुरू आहे. ते रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच द्यायचे असते, म्हणून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक रविवारी सासूबाई लाल पेनाने फुली मारतात आणि मगच डबी वरच्या फळीवर जाते.