मदत हवी आहे: तीन मॉनिटरवर एक्स-प्लेन, सांध्यावर दृश्य तुटतंय

नमस्कार मंडळी,

घरच्या विमान-सिम्युलेटरसाठी २७ इंची, २५६० × १४४० रिझोल्यूशनचे तीन मॉनिटर लावलेत. एक्स-प्लेन १२ हे विमान उडवण्याचं सॉफ्टवेअर चालवतो. तीन पडदे हवेत ते मुख्यतः सर्किटसाठी, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्यासाठी: सेस्ना १७२ हे छोटं विमान बेस लेगवर (शेवटच्या वळणाआधीच्या, धावपट्टीला आडव्या टप्प्यावर) असताना धावपट्टी डाव्या खिडकीतून दिसली, की शेवटचं वळण नजरेनं ठरवता येतं. एका पडद्यावर हे जमतच नाही.

आधी तिन्ही मिळून ७६८० × १४४० चा एकच पडदा केला होता. त्यात कडेची दृश्यं फार ताणली जातात, कारण सगळं चित्र एकाच सपाट प्रतलावर काढलं जातं. म्हणून आता प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र दृश्य दिलंय. डोळ्यांपासून पडदा ७० सेंमीवर, पडद्याची रुंदी सुमारे ६० सेंमी. म्हणजे दृश्यकोन साधारण ४६ अंश. बाजूचे मॉनिटर तेवढेच आत वळवलेत आणि लॅटरल ऑफसेटही (दृश्य बाजूला किती अंश वळवायचं ते सेटिंग) ४६ ठेवलाय. सरळ उडताना क्षितिज जुळतं, पण विमान कललं की सांध्यावर पायरी दिसते. मॉनिटरच्या चौकटीची जाडी ऑफसेटमध्ये धरायची की दृश्यकोनात? तुम्ही हे कसं मोजता?

दुसरं म्हणजे, तीन दृश्यं वेगळी काढायची तर प्रोसेसरवर बराच ताण येतो. बाजूचे दोन पडदे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला दिलेत का कुणी? वळताना ती दृश्यं मागे राहतात का, आणि ढग तिन्हीकडे सारखे दिसतात का, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय. सेटिंग्जचे फोटो टाकलेत तर फार उपकार होतील.