जपानी गाड्या की युरोपियन? फक्त दिसण्यावर बोला

तिसरा_गिअर:

मायलेज, सर्व्हिसिंग, रीसेल, इंजिन हे सगळं कृपया बाजूला ठेवा, त्यावर बोलून बोलून चोथा झालाय. मी फक्त दिसण्याबद्दल विचारतोय.

मला जपानी गाड्या आवडतात, आणि त्यातही ज्या लोकांना विचित्र वाटतात त्या जास्त. उदाहरणार्थ २००२ ची निसान क्यूब. तिची मागची काच एका बाजूला कोपऱ्यावरून वळून पार साइडच्या काचेपर्यंत जाते आणि दुसऱ्या बाजूला मात्र जाडजूड पत्र्याचा खांब, म्हणजे गाडी मागून बघितली की डावं-उजवं जुळतच नाही आणि तरीही ती गोंडस दिसते. एवढी हिंमत कोण करतं? याउलट ऑडी, मर्सिडीज बघितल्या की वाटतं एकच चेहरा लहान-मोठा करून छापलाय, समोरून येणारी ए४ आहे की ए६ हे ती पुढे गेल्यावर डिक्कीवरचा आकडा वाचूनच कळतं.

पण मित्रांमध्ये हे बोललं की लगेच ठरलेलं उत्तर, जपानी म्हणजे खेळणं आणि युरोपियन म्हणजे क्लास. हा क्लास नक्की असतो कुठे? डोळ्याला काय दिसतं ते सांगा, बिल्ल्याचं कौतुक नको.

लांब_बॉनेट:

बिल्ला झाकूनच सांगतो. पुढच्या चाकाच्या मधोमध उभी रेष धर आणि तिथून पुढच्या दाराच्या कडेपर्यंत किती जागा आहे ते बघ. तिथे क्लास असतो. बाकी सगळं नंतर.

इंजिन लांबीत बसवलेलं आणि मागची चाकं ओढणारी असतील तर पुढचं चाक पार नाकाजवळ जातं, बॉनेट लांब दिसतं, आणि गाडी उभी असली तरी मागच्या चाकांवर जोर देऊन बसल्यासारखी वाटते. १९९५ ची बीएमडब्ल्यू ५ सिरीज, ई३९ म्हणतात ती, तिच्यावर नजर खिळवून ठेवावी असं एकही डिटेल नाही, एक साधी रेघ बाजूने जाते आणि मागच्या खिडकीचा खालचा कोपरा पुढे वळतो (हा वळसा १९६१ च्या बीएमडब्ल्यू १५०० पासून चालत आलाय), बस्स, पण आज बघितली तरी जुनी वाटत नाही. इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारी असतील तर चाक दाराकडे सरकतं आणि नाक चाकाच्या पुढे लोंबतं. मग ते लपवायला हेडलाइट मागे ओढा, बंपरला घड्या मारा, काळं प्लास्टिक लावा असे उद्योग सुरू होतात. बहुतेक जपानी गाड्या या दुसऱ्या प्रकारातल्या, म्हणून त्यांच्या अंगावर इतकं काहीतरी चाललेलं असतं.

ऑडीला मी यात धरत नाही हं. त्यांचं इंजिन लांबीत असलं तरी बरंचसं पुढच्या ॲक्सलच्या पुढे, त्यामुळे नाक लांबच. ऑडी चांगली दिसते ती पत्र्याच्या फिनिशिंगमुळे, दोन पॅनलमधली फट बघ, केस जाईल की नाही अशी.

पत्रा_आणि_रंग:

लांब_बॉनेट, चाकाचं पटलं, पण फक्त आडव्या इंजिनावर ढकलू नका. फोक्सवॅगन गोल्फचंही इंजिन आडवंच आहे की. १९७४ ची, जुजारो या इटालियन डिझायनरची पहिली गोल्फ घ्या, पुढचीच चाकं ओढतात, तरी घड्या नाहीत, आरडाओरडा नाही.

माझ्या मते खरं कारण रुंदी आहे. जपानमध्ये गाड्यांचे वर्ग मापावर ठरतात, लहान वर्गात बसायचं तर लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर आणि उंची २ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन २००० सीसीपर्यंत. यातलं एक जरी माप ओलांडलं की गाडी वरच्या वर्गात, आणि पूर्वी त्याचा टॅक्स दणदणीत बसायचा. १९८९ मध्ये कर बदलला तेव्हा कुठे कंपन्या सढळ हाताने रुंद गाड्या काढायला लागल्या. त्याआधीच्या कितीतरी जपानी सेडानची रुंदी बरोबर १६९५ मिलिमीटर आहे, बघा शोधून, म्हणजे नियमाच्या भिंतीला नाक लावून उभ्या.

आता विचार करा, आत माणसं तर बसवायचीच आहेत, मग दार बाहेर फुगवायला, चाकावर खांदा काढायला पत्रा आणणार कुठून? युरोपियन गाडीत मागच्या चाकावर जो भरीव खांदा दिसतो ना, जुन्या व्होल्वोत तर फारच, तो या मापात काढायचा म्हणजे आतली जागा खायची. त्यामुळे डिझायनरने सगळी हौस दिव्यांवर, ग्रिलवर, खिडकीच्या आकारावर भागवली. केई गाड्यांमध्ये, म्हणजे जपानच्या सगळ्यात लहान वर्गात, तर हे टोकाला गेलंय, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी, मग उभ्या भिंतीच काढायच्या आणि तोंडावर गंमत करायची. तिसऱ्या_गिअरला क्यूबमध्ये जी हिंमत दिसते ना, ती मला अडचणीतून सुचलेली वाटते. यात मी नावं ठेवत नाहीये, मला पण आवडते ती.

आणि आता रुंदीची अडचण नाही तर काय होतं ते बघायचं असेल तर २०१८ च्या शेवटी आलेली माझदा ३ हॅचबॅक बघा. लाल रंगाचीच बघा, आणि संध्याकाळी चार-पाचच्या उन्हात. दोन्ही दारांवर एकही घडी नाही, रेघ नाही, पत्रा फक्त आत-बाहेर होतो आणि त्यावर पडलेलं उजेडाचं प्रतिबिंब एका बाजूने खाली उतरत जातं. तुम्ही दोन पावलं पुढे गेलात की ती उजेडाची पट्टी पण सरकते. मी स्वतः रंगकामातला माणूस आहे, असा पत्रा ठोकून पूर्ववत करणं म्हणजे काय ते मलाच माहीत, घडी असली की निदान हाताला कळतं कुठून कुठे जायचंय, इथे पुट्टी जराशी जास्त झाली तरी प्रतिबिंब मोडतं आणि दहा फुटांवरून चोरी पकडली जाते. या डिझाइनमागचे इकुओ माएदा म्हणजे माझदाचीच पहिली आरएक्स-७ स्पोर्ट्सकार ज्यांनी काढली त्या मातासाबुरो माएदांचे चिरंजीव. घराण्याची गायकी.

लांब_बॉनेट:

रुंदीचा मुद्दा मानला असता, पण मग टोयोटा २००० जीटी कुठे बसवणार? १९६७ ची, रुंदी फक्त १.६ मीटर, तुमच्या नियमापेक्षाही कमी, आणि तिच्यापुढे अर्धं युरोप पाणी भरेल. का? बॉनेट लांब, चाक पुढे, केबिन मागे. फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो बघा.

पत्रा_आणि_रंग:

तिच्यात दोघंच बसतात हो, आणि उंची १.१६ मीटर. चौघांना ताठ बसवून काढून दाखवा म्हणावं तशी.

मागच्या_सीटवरून:

तुम्ही सगळे गाडीच्या बाहेर उभे राहून बोलताय 😄 मी जास्त करून मागे बसते, तर तिथून काय दिसतं ते पण ऐका.

ही माझदा बाहेरून सुंदर आहे, वाद नाही, पण त्या सुंदर पत्र्यासाठी मागची खिडकी किती लहान केलीये बघितलंत का? मागच्या दाराच्या मागे जो जाड खांब आहे तिथे पत्राच पत्रा, मागे बसलं की शेजारी भिंत. आणि हे एकट्या माझदाचं नाही, हल्ली युरोपियन काय नि जपानी काय, खिडकीची खालची कड मागे जाताना वर वर चढवायची फॅशनच झालीये, लहान मुलाला बसवलं तर त्याला आकाशाशिवाय काही दिसत नाही.

माझ्या डोळ्यासमोर सुंदर गाडी म्हटलं की १९८७ च्या सुमाराची होंडा सिव्हिक येते. बॉनेट खाली, डॅशबोर्ड खाली, खांब काडीसारखे आणि चारी बाजूंनी काच. तेव्हाच्या होंडांमध्ये बसलं की गाडी अंगावर येत नाही. तशी आता कोणीच काढत नाही आणि त्याला थोडं कारण पण आहे, पादचाऱ्याला धडक बसली तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं, तेव्हा पत्रा आणि खालचं इंजिन यांच्यात मोकळी जागा हवी असे नियम युरोपात २००५ पासून लागू झाले, मग नाकं वर गेली, नाकाबरोबर खिडक्या वर गेल्या, आणि एवढ्या उंच पत्र्यावर चाकं चिमुकली दिसायला लागली म्हणून चाकं पण मोठी केली. आता नियम बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खांब एवढे जाड आणि मागची काच एवढी चिंचोळी करायला कोणत्या नियमाने सांगितलं होतं? रिव्हर्स घेताना कॅमेऱ्याशिवाय दिसत नाही अशी गाडी मला देखणी म्हणवत नाही, मग ती कुठल्याही देशाची असो.

जुना_कॅटलॉग:

चर्चा रंगलीये पण जपानी आणि युरोपियन अशी भिंत तुम्ही जी मधे घातलीये ती मुळात आहे का? इसुझु ११७ कूपे जुजारोची. इसुझु पियाझ्झा त्याचीच. माझदाची १९६६ ची लुचे, तीही त्याचीच, बर्टोने या इटालियन डिझाइन कंपनीत असतानाची. डॅटसन ब्लूबर्डची १९६३ ची पिढी पिनिनफरिना या दुसऱ्या इटालियन डिझाइन कंपनीकडून आलेली. म्हणजे वर ज्या गोल्फचा दाखला दिलात तिचाच बाप जपानी गाड्या काढत होता, आणि गोल्फच्या आधीपासून.

उलटं पण आहे. फेरारी एन्झो, २००२ ची, ती पिनिनफरिनात असताना काढली केन ओकुयामा यांनी, जपानी माणूस. टोयोटाची पहिली यारिस काढली सोतिरिस कोवोस या ग्रीक डिझायनरने, टोयोटाच्याच युरोपातल्या स्टुडिओत, आणि तीच २००० साली युरोपची कार ऑफ द इयर झाली. बीएमडब्ल्यूचे चाहते ज्यांच्या नावाने अजून बोटं मोडतात ते तिथले माजी डिझाइनप्रमुख क्रिस बँगल अमेरिकन. माझदाची मियाटा जुन्या ब्रिटिश लोटस एलानवरून स्फूर्ती घेऊन केलेली हे तर जगजाहीर आहे, आणि निसानने १९९१ मध्ये फिगारो काढली ती बघून कोणीही म्हणेल ही पन्नाशीच्या दशकातली युरोपियन गाडी.

तेव्हा देश सोडा, दशक विचारा. १९९० च्या आसपासच्या दोन्हीकडच्या गाड्या एकमेकींच्या जितक्या जवळ आहेत तितक्या त्या आपल्या आजच्या नातवंडांच्या जवळ नाहीत.

तिसरा_गिअर:

जुना_कॅटलॉग, माहिती भारी, पण असं म्हटलं की आवडीचा प्रश्नच निकालात निघतो आणि मला तो काढायचा नाहीये. डिझायनर कुठलाही असो, शेवटी होकार देणारी कंपनी असते. क्यूबची ती काच कोणा साहेबासमोर मांडली असेल आणि त्याने हो म्हटलं असेल, हे होकाराचं धाडस मला जपान्यांकडे जास्त दिसतं. फियाटने ती विचित्र तोंडाची मल्टिप्ला काढली होती हे मला माहितीये, कोणी आठवण करून द्यायच्या आधीच सांगतो, मला तीही आवडते. नंतर लोकांच्या टोमण्यांना घाबरून त्यांनी तिचं तोंड साधं करून टाकलं तेव्हा वाईट वाटलं.

पत्रा_आणि_रंग यांचं मात्र पटलं, अडचणीतून सुचणं. म्हणूनच बहुतेक आता अडचण संपल्यावर काही जपानी गाड्या बिघडल्यात. मी सध्या जी चालवतो (नाव नाही घेत) तिच्या मागच्या बंपरला दोन्ही बाजूंना काळ्या जाळ्या आहेत, त्यातून हवा जात नाही, मागे सरळ बंद प्लास्टिक. धुताना त्या षटकोनी खाचांमध्ये चिखल अडकतो आणि मी जुना टूथब्रश घेऊन बसतो. हे कुठल्या अडचणीतून आलं?

लांब_बॉनेट:

खोट्या जाळ्यांवर युरोपने हसू नये. जर्मन गाड्यांच्या बंपरमध्ये चकचकीत क्रोमचे सायलेन्सर दिसतात, वाकून बघ, कित्येकांत आत बंद आहे आणि खरा पाइप खाली जमिनीकडे तोंड करून लपलाय. यात मी माझ्या बाजूच्या लोकांची बाजू घेणार नाही.

आणि टोयोटाची नवी प्रियस, २०२२ ला दाखवली ती, तिला मी पूर्ण मार्क देतो. पुढची काच बॉनेटच्याच उतारात पुढे नेलीये, दिवे बारीक, पत्रा स्वच्छ. आधीच्या प्रियसकडे बघवत नव्हतं आणि त्याच घरातून ही आली.

तिसरा_गिअर:

हे ऐकायला बरं वाटलं 😀 मग आता हे पण सांगून टाका, २०२० च्या बीएमडब्ल्यू ४ सिरीजच्या त्या उभ्या ग्रिलला तुम्ही पाठीशी घालणार का?

लांब_बॉनेट:

नाही घालणार. उभ्या ग्रिलला इतिहासाचा आधार आहे असं सांगतात, आणि आहे, १९३३ च्या बीएमडब्ल्यू ३०३ पासून ती जोडग्रिल आहे आणि तेव्हा उभीच होती. पण तेव्हा गाडीचं नाकच उंच आणि अरुंद होतं, मागे उभा रेडिएटर, त्यापुढे ती शोभायची. इथे गाडी बसकी आणि रुंद, प्रमाण मी म्हणतो तसं अगदी बरोबर, चाक जिथे हवं तिथे, आणि मधे हे दोन उभे दरवाजे. त्यात नंबरप्लेट लावायला जागाच उरली नाही म्हणून ती बरोबर ग्रिलच्या छाताडावर आडवी ठोकायची. बाजूने बघा, मस्त गाडी आहे. समोरून नको.

मागच्या_सीटवरून:

आणि मागून मी बसणार, तर कूपेला मागे दारं नाहीत हे पण लिहून ठेवा.