मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेलं चित्र दुरुस्त करावं का?

रामबागवाली
वय ६८. निवृत्तीनंतर जलरंग हाती घेतले. इंदूरच्या रामबागेतलं आमचं माहेरचं घर पाडलं, तिथे आता चार मजली इमारत आहे. त्या घराचा एकही धड फोटो नाही. तीन वर्षांपूर्वी मी ते आठवणीतून काढलं: ओटला, दिंडी, चौकातली तुळस, जिन्याखाली आईचा पाटा-वरवंटा. भिंतींच्या चुन्यात दरसाल चिमूटभर नीळ पडायची, तोच रंग मला हवा होता.

गेल्या महिन्यात दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी येऊन चित्राकडे पाहिलं आणि पोटात धस्स झालं. भिंती दौत सांडल्यासारख्या निळ्याजर्द! डॉक्टर म्हणाले, वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडवतं. म्हणजे निळा पुरेसा दिसेना म्हणून मी हातावर हात चढवत गेले होते.

मुलगा म्हणतो, नवं काढ. धाकटी बहीण म्हणते, तुळससुद्धा चुकीच्या बाजूला आहे. माझं मत, ते आहे तसं राहू द्यावं. त्या वर्षी मला घर तसंच दिसत होतं.

बाखलवाला
ताई, मला हे अजिबात पटत नाही. घर गेलं, फोटो नाहीत, मग नातवंडांच्या हाती तुमचं चित्रच उरणार. पणजीचं घर निळंजर्द होतं असंच ती पुढे सांगतील.

आमचा वाडा काढताना मी आधी तिघा चुलतभावांना फोन लावले. तुळस कुठे होती असं विचारलं तर तिघांची तीन उत्तरं. मग विचारलं, सकाळचं ऊन पहिल्यांदा कशावर पडायचं? तिघेही एकदम म्हणाले, रांजणावर. तिथून बाकीचं सगळं जागेवर बसलं. दाराची उंचीही अशीच मिळाली, वडील वाकून आत यायचे ते आठवून. एवढे कष्ट तर आपण त्या घराला देणं लागतो.

ओला कागद
दुरुस्तीचा विचार सोडा, ती होणारच नाही. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. काही निळे रंग कागदाच्या धाग्यांत असे मुरतात की ओल्या ब्रशने चोळलं तरी उठत नाहीत, कागदाचाच लगदा होतो. वरून पांढरा चढवला तर भिंत मेल्यासारखी दिसेल. काढायचं तर नवंच काढा.

आणि मी ताईंच्या बाजूने. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली, ८२ व्या वर्षी झालं. त्याआधीच्या चित्रांतले लाल-पिवळे रंग लोक आज डोळे भरून बघतात. आपल्या इंदुरात चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळलेली पानं, लाकडाचे तुकडे यांतून चेहरे शोधले. तिथे कुणी पानाची जात विचारली नाही. हौसेच्या चित्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात का उभं करायचं?

बाखलवाला
गुरुजी पानातून नवीन काही घडवत होते. ताई मात्र आपल्या आईचं घर सांगताहेत. फरक आहे.

रामबागवाली
फरक आहे, मान्य. काल बहिणीला तुमचा उन्हाचा प्रश्न विचारला. ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. आई तिथेच सुपात तांदूळ घेऊन बसायची." भाऊ, ती पायरी मी पार विसरले होते. सूप आठवलं, त्याचा फाटलेला काठ आठवला, आईने तो कापडाची पट्टी लावून शिवला होता तेही आठवलं. पण ती बसायची कुठे, ते माझ्याजवळ नव्हतंच.

तेव्हा निळं चित्र भिंतीवरून उतरणार नाही, यावर मी ठाम आहे. मात्र बहीण रविवारी येते आहे. तिला शेजारी बसवून दुसरं काढणार. खजुरी बाजारातून कागद आणून ठेवलाय.

बाखलवाला
मग ती येईल तेव्हा आधी पेन्सिलने नुसता नकाशा काढा. रंगाला हात लावायच्या आत दिंडीतून आत येताना डोकं कुणाकुणाला वाकवावं लागायचं, तेही विचारून घ्या.