ओपनबॉक्समध्ये पेनड्राइव्ह आपोआप माउंट होत नाही

प्रश्न
छापखान्यात डीटीपीसाठी वापरात असलेल्या एका जुन्या संगणकावर मी डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली बसवली आहे. रॅम 2 जीबीच असल्यामुळे एक्सएफसीई हा पूर्ण डेस्कटॉप काढून नुसता ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर ठेवला. यंत्र हलके झाले, परंतु गिऱ्हाइकाने लग्नपत्रिकेचा मजकूर भरून आणलेला पेनड्राइव्ह लावला की काहीच घडत नाही आणि दर वेळी टर्मिनल उघडून रूट (प्रशासक) म्हणून तो माउंट करावा, म्हणजे त्यातल्या फाइली दिसतील असा जोडावा लागतो. यावर तोडगा म्हणून, उपकरण जोडल्याची दखल घेणाऱ्या युडेव्हचा नियम लिहून त्यातून माउंटची आज्ञा देऊन पाहिली. आज्ञा चालल्याची नोंद लॉगमध्ये दिसते, त्रुटीचा उल्लेख कुठेही नाही, तरीही फोल्डर रिकामेच असते. नियमात काय चुकले असावे?

उत्तर 1
नियम बहुधा बरोबरच आहे, पण हे काम त्याच्याकडे द्यायचे नसते. सिस्टमडी (सेवा चालवणारा प्रोग्राम) युडेव्हची सेवा स्वतंत्र माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटची वेगळी यादी देऊन चालवते, त्यामुळे तिथून केलेले माउंट त्या सेवेपुरतेच राहते आणि तुमच्या सत्राला दिसत नाही. उपकरण आल्याची वर्दी युडेव्हने द्यायची, प्रत्यक्ष माउंट युडिस्क्स या सेवेने करायचे आणि तसे त्याला सांगणारे कोणीतरी तुमच्या सत्रात हजर असायचे, अशी ही कामाची वाटणी आहे. एक्सएफसीईमध्ये हे सांगण्याचे काम थुनार-व्होलमन करत होता. ओपनबॉक्स फक्त खिडक्या सांभाळतो. तेव्हा तो नियम काढून टाका, युडिस्की हा छोटा प्रोग्राम बसवा आणि ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये त्याची ओळ लिहून शेवटी अँडचे चिन्ह (&) द्या.

उत्तर 2
वरील उत्तराशी सहमत आहे. फॅट32 या फाइल साठवण्याच्या पद्धतीमध्ये फाइलचा मालक कोण याची नोंदच नसते, म्हणून रूटने माउंट केलेल्या पेनड्राइव्हवर सामान्य वापरकर्त्याला प्रूफाची पीडीएफ टाकता येत नाही. युडिस्क्स माउंट करतानाच मालकी तुमच्याकडे देतो. मात्र कॉपी पूर्ण झाल्याचे दिसले, तरी काही मजकूर मेमरीतच थांबलेला असू शकतो. गिऱ्हाईक घाईत असले तरी अनमाउंट केल्याशिवाय पेनड्राइव्ह उपसू देऊ नका.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पेनड्राइव्ह लावताच मीडिया फोल्डरमध्ये माझ्या नावाखाली दिसू लागला. आता बॅकअपची यूएसबी हार्डडिस्कही आपोआप माउंट होते, ते मात्र नको आहे. युडेव्हचाच नियम लिहावा असा मोह होतो आहे.

उत्तर 1
तो मोह आवरा! युडिस्कीच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) देऊन ऑटोमाउंटपुढे फॉल्स लिहा. बॅकअप घ्यायच्या दिवशी ती हाताने माउंट करता येईल.