फ्रीज उघडला की मासळीचा वास, भाजीच्या ट्रेखाली पाणी. काय करू?

परळची अनुजा
गणपती गेले आणि घरात पुन्हा मासळी सुरू झाली. आम्ही पाच माणसं, वन बीएचके, फ्रीज दोन दारांचा, अडीचशे लिटरचा. सासूबाई सोमवार-गुरुवार पाळतात. त्यांचं दूध, दही, भिजवलेला साबुदाणा त्याच फ्रीजमध्ये. काल दुधाचं पातेलं पुढे करून म्हणाल्या, "बघ गं, बोंबलाचा वास येतोय." मनाला फार लागलं. वाटीत खाण्याचा सोडा ठेवलाय, पण वास जात नाही. शिवाय भाजीच्या ट्रेखाली सारखं पाणी साचतं आणि कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते. कुणी नीट घडी बसवून दिली तर बरं होईल.

माहीमच्या काकू
अनुजा, सोड्यावर विसंबू नकोस. नासलेलं दूध, फसफसलेलं इडलीचं पीठ असा आंबट वास असेल तर सोडा चालतो. मासळीचा वास ट्रायमिथाइलअमीनचा. ते आम्लारी, त्यावर आंबटच चालतं. मासळी साफ केल्यावर आपण हाताला लिंबू चोळतो ते त्यासाठीच. पाण्यात व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस घाल, फडकं पिळून आतून पुसून घे, मग साध्या पाण्याने. काचेचे कप्पे काढलेस की जरा वेळ ओट्यावर राहू देत. गार काचेवर कढत पाणी पडलं तर ती तडकते. हे सगळं बाजाराला जायच्या आधी कर, तेव्हा फ्रीज निम्मा रिकामा असतो.

दाराच्या रबराकडे बघितलंस का? त्याच्या घडीत बोट घाल, काळं लागेल. मुंबईच्या दमट हवेत तिथे बुरशी धरतेच. जुना टूथब्रश, कोमट साबणपाणी, आणि मग अगदी कोरडं पुसायचं. नंतर कागदाची पट्टी दारात धरून दार लाव आणि ओढ. सहज निघाली तर रबर सैल झालंय, तिथून दमट हवा आत येत राहते.

आता जागा. कच्ची मासळी साफ करून, हळद-मीठ लावून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि तो डबा सगळ्यात खालच्या कप्प्यात. वर ठेवलास तर पाणी खालच्या अन्नात ठिबकतं. दुसऱ्या दिवशी करायची नसेल तर सरळ फ्रीजरला. सासूबाईंचं सगळं वरच्या कप्प्यात, झाकण लावून. दूध-लोणी वास चटकन धरतं, उघडं पातेलं नकोच. दूध दारातही नको. उघडझाप केली की बाहेरची हवा आधी तिथे लागते, म्हणून दार सगळ्यात कमी गार. तिथे लोणचं, सॉस, आगळ.

कोथिंबीर आणल्यावर धुऊ नकोस. जुडीचा दोरा सोड, पिवळी-काळी पानं निवडून टाक, मुळं काप आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव. फडकं ओलसर लागलं की बदल. केळी, टोमॅटो, पिकलेले आंबे, सफरचंद पालेभाजीजवळ नकोत. त्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि मेथी-पालक पिवळा पडतो. कांदे-बटाटे फ्रीजमध्ये नकोतच. टोमॅटोही पूर्ण पिकेपर्यंत बाहेर बरे, थंडीत त्यांची चव जाते.

मला मनापासून वाटतं ते एक सांगते. परळला स्टेशनवरून घरी येताना वाटेत भाजी मिळते. मग आठवड्याची भाजी एकदम कशाला कोंबायची? गच्च भरलेल्या फ्रीजमध्ये गार हवा फिरत नाही आणि मागचा डबा मागेच राहतो.

फ्रीज मेकॅनिक, भांडुप
अनुजाताई, ट्रेखालचं पाणी म्हणजे बहुतेक ड्रेन तुंबलाय. ट्रे काढा, आतल्या मागच्या भिंतीवर खाली पन्हळीसारखी खाच आणि तिच्यात भोक दिसतंय का बघा. कोथिंबिरीच्या काड्या, पिशवीचे तुकडे तिथे अडकतात. मेन स्विच बंद करा, पिचकारीने कोमट पाणी सोडा. तार खुपसू नका. भोक दिसलं नाही तर ड्रेन फ्रीजरच्या पॅनेलमागे असतो, तो माणूस बोलवूनच काढून घ्या. फ्रीजरमध्ये बर्फ साठला तर सुरीने खरवडू नका. नळी फुटून गॅस गेला की मोठा खर्च.

आणि मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा ट्रे असतो, तो दर आठवड्याला धुऊन कोरडा करा. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात पालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा हा ट्रे बघतातच.

चारकोपचा निनाद
आम्ही तिघं भाड्याने राहतो. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो. त्यामुळे "ही आमटी कधीची?" हा वाद बंद झाला.

परळची अनुजा
भोक सापडलं! मेथीची काडी आणि एक रबरबँड निघाला. काकू, व्हिनेगरने पुसल्यावर वासही पुष्कळ उतरलाय. एकच विचारते, उरलेला भात आणि कालवण किती दिवस ठेवायचं? आणि डायल कितीवर?

माहीमच्या काकू
डायलवरच्या आकड्यांना अर्थ नाही, प्रत्येक फ्रीजचा वेगळा. एक थर्मामीटर आण, ग्लासभर पाण्यात उभा करून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेव. सकाळी 4 अंशांच्या वर दिसला तर डायल वाढव. फ्रीजर उणे 18 हवा. भात ताटात पसरून गार कर आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव. भातातले जंतू शिजवूनही तग धरतात आणि बाहेर राहिला की वाढतात, नंतर गरम करूनही त्यांचं विष जात नाही. भात दुसऱ्या दिवशी संपव. कालवण तीन दिवसांच्या पुढे मी ठेवत नाही, आणि काढताना लागेल तेवढंच काढून उकळते. निनादची चिकटपट्टी मात्र लाव, सासूबाईंच्या डब्यांना वेगळ्या रंगाची.